तुमच्या राजकन्येला कमी लढवू नका

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही काल्पनिक राज्यावर साहसकादंबरी लिहिताय. नायिका राजकन्या, वय एकोणीस, तलवार आणि दांडपट्टा दोन्हींत तरबेज. महालात फितुरी होते त्या रात्री दालनाबाहेरच्या बोळात ती सहा सैनिकांना एकटी लोळवते. हस्तलिखित वाचलेल्या दोघांच्या दोन तक्रारी आल्या. एक म्हणाला, "एवढीशी पोर सहा जणांना कशी पुरी पडेल?" दुसरी म्हणाली, "ही राजकन्या वाटतच नाही, पुरुषच लिहिलाय आणि नाव मुलीचं दिलंय." म्हणून तुम्ही विचारताय की तिची लढाई कमी करू का, की ती सेनापतीकडे सोपवू.

कमी करू नका, आणि सेनापतीकडे तर मुळीच देऊ नका. बावीस वर्षं मी साहसकथा लिहिते आहे आणि गेली बरीच वर्षं इतरांची हस्तलिखितंही तपासते. या दोन तक्रारी माझ्याही वाट्याला आल्या आहेत. पहिल्या कादंबरीच्या वेळी मी घाबरून नायिकेच्या हातून तलवार काढून घेतली आणि शेवटच्या लढाईत तिला बुरुजावर उभी करून खालची लढाई बघायला लावली. पुस्तक छापून आल्यावर एका शाळकरी मुलीनं मला पत्र लिहिलं. त्यात एकच प्रश्न होता: ती खाली का नाही उतरली? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या मते तुमच्या दोन्ही वाचकांना तिची ताकद खटकलेली नाही. ताकद हा शब्द त्यांच्या हाताशी होता म्हणून त्यांनी तो वापरला. खटकलंय ते हे की तिचं लढणं आणि तिचं राजकन्या असणं या दोन गोष्टी तुमच्या पानांवर एकमेकींना भेटतच नाहीत. राजकन्या हे तिचं पद झालं आणि लढणं हा तिचा छंद झाला. त्या जागी लोहाराची मुलगी ठेवली तर बोळातलं एक वाक्य तरी बदलेल का, हे एकदा पाहा. बदलत नसेल तर दुरुस्ती तिथे करायची आहे.

यातलं बरंचसं गोष्टीच्या जातीवर अवलंबून आहे हे आधी मान्य करते. तुमच्या राज्यात घोडे उडत असतील, पहिल्याच प्रकरणात नायिकेनं मगरीचा जबडा हातानं फाडला असेल, तर सहा सैनिक काय आणि साठ काय, वाचक कुरकुरत नाही. लोककथेचा तो कायदाच असतो आणि तुम्ही तो सुरुवातीलाच सांगितलेला असतो. पण तुमच्या वर्णनात फितुरी आहे, खंदक आहे, कोठारातल्या धान्याचा हिशोब आहे. म्हणजे माणसं दमतात, भुकेजतात, मरतात असं हे जग आहे. इथे तिच्याही दमाचा हिशोब द्यावा लागेल.

आता पहिली तक्रार. एकोणीस वर्षांची मुलगी सैनिकाला भारी पडेल का? पडू शकते, आणि त्याचं कारण ती राजकन्या आहे हेच आहे. कसं ते बघा. समोरचे सहा जण कोण आहेत? आपल्याकडची मराठी फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायची. त्यातले बरेच जण पावसाळाभर शेतात राबणारे. तुमच्या राज्यातही साधा शिपाई असाच असणार: पोटाला बेताचं, घोडा असला तर दुसऱ्याचा, आणि शिक्षण मोहिमेवर मिळेल तेवढंच. राजकन्येला सहाव्या वर्षापासून स्वतःचं तट्टू आहे, दूध-तूप आहे, रोज सकाळी शिकवायला येणारा वस्ताद आहे, आणि दुपारी दमून झोपायची मुभा आहे. तिच्या हातातली सफाई ही राजघराण्याच्या तिजोरीतून आली आहे. हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून वाचकाला ती आकाशातून पडल्यासारखी वाटते.

चित्रांगदेचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. महाभारताच्या आदिपर्वात मणिपूरच्या राजाची ही एकुलती एक मुलगी येते. तिचा मुलगा आपला वारस होईल अशी अट राजा अर्जुनाला घालतो. तिथे ती लढणारी म्हणून येत नाही, देखणी म्हणून येते. रवींद्रनाथांनी १८९२ साली तिच्यावर काव्यनाट्य लिहिलं तेव्हा तिला योद्धा केलं. पण हाती धनुष्य देऊन ते थांबले नाहीत. वारस नसलेल्या बापानं तिला मुलासारखं वाढवलं, हा धागा त्यांनी महाभारतातल्याच अटीतून ओढला. धनुष्य कुठून आलं याचं उत्तर राजवंशाच्या अडचणीत आहे. तुमच्या राजकन्येला कोणी शिकवलं, कोणाच्या सांगण्यावरून, आणि दरबारातलं कोण त्याला विरोध करत होतं? याची तीन पानं पहिल्या चार प्रकरणांत कुठेतरी आली पाहिजेत. सलग नकोत. विखरून येऊ द्या.

शिक्षण मिळालं म्हणून शरीर सुटत नाही, हेही तितकंच खरं. मी कोल्हापुरात एका मर्दानी खेळाच्या आखाड्यात दोन हिवाळे दर रविवारी जाऊन बसत होते. खेळायला नव्हे, बघायला. तिथे सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी पट्टा फिरवायची. जमिनीवर ठेवलेलं लिंबू ती न अडखळता चिरायची आणि बघणारे टाळ्या वाजवायचे. मला मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी वहीत लिहून घ्याव्याशा वाटल्या. पहिली म्हणजे वस्ताद तिला पट्टा फार थोडा वेळ देत. बाकी सगळा वेळ नुसते पवित्रे. लाल मातीत तिच्या पावलांनी घासून घासून एक गोल उमटलेला असायचा. पाऊल त्या गोलाबाहेर पडलं की वस्ताद एक अक्षर न बोलता लाठीनं तिच्या घोट्याला हलकेच टेकवत आणि ती पहिल्यापासून सुरू करायची. दुसरी गोष्ट तिच्या हाताची. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, हात कोपरापर्यंत आत जातो आणि मागची कडी हातावर घट्ट बसते. खेळ संपला की कोपराखाली लाल वळ उठलेला दिसायचा. एकदा तिनं मला सहज सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी वर्गात पेन धरता यायचं नाही, अक्षर थरथरायचं.

हे तुमच्या राजकन्येला देऊन टाका. फितुरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पत्रावर मोर्तब करायचं आहे, शिक्का हातात थरथरतोय, आणि समोर बसलेला कारभारी ते बघतोय. तो थरकाप भीतीचा आहे असं त्याला वाटतं. रात्रभराच्या लढाईचा आहे हे तिला माहीत असतं. ती खुलासा करते की गप्प बसते? त्या एका क्षणात लढाई आणि राजकारण एकत्र येतात. मला विचाराल तर तुमच्या बोळातल्या अख्ख्या मारामारीपेक्षा हे पान वाचकाच्या जास्त लक्षात राहील.

दमाचंही बघा. ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाची फेरी ३ मिनिटांची असते आणि अशा ३ फेऱ्या असतात. मध्ये विश्रांती मिळते, समोर माणूस एकच असतो, वजनही आपल्याच गटातलं असतं. तरी शेवटच्या फेरीत हात खाली यायला लागतात. हे वर्षानुवर्षं तयारी केलेल्या लोकांचं सांगतेय. तलवारीनं वजनाचा फरक कमी होतो, कारण धारेला जोर थोडा लागतो. पण फरक पुसला जात नाही. अंगाला अंग भिडलं, मनगट पकडलं गेलं, की जड माणूस जिंकतो. म्हणून तुमची नायिका अंतर राखून लढेल, हूल देईल, पहिला वार हातावर किंवा गुडघ्यावर करेल, आणि कोणालाही जवळ येऊ देणार नाही. आली वेळ तर पळेलही. पळण्यात तिचा कमीपणा नाही. दार गाठून कडी घालणं हासुद्धा डाव आहे.

इथवरचं सांगायचं तर: तिचं कौशल्य कुठून आलं ते दाखवा, आणि त्याची किंमत तिच्या शरीरावर दुसऱ्या दिवशीही दिसू द्या. एवढं केलंत तर पहिली तक्रार मिटेल. दुसरी जास्त खोल आहे.

"पुरुषच लिहिलाय" हे वाक्य मी अनेक हस्तलिखितांबद्दल ऐकलं आहे. त्यावर लेखक जो उपाय करतात तो मला मनापासून नापसंत आहे. ते मग तिला मध्येच आरशासमोर बसवतात, हरणाच्या पाडसावर माया करायला लावतात, लढाईआधी रडवतात. तिला बाईपण चिकटवायची काहीच गरज नाही. तिचं राजकन्यापण लढाईत आणायचं आहे. राजकन्येजवळ असं काय असतं जे शिपायाजवळ नसतं? हुकूम असतो. आणि तिचा जीव हा राज्याचा ऐवज असतो. तिच्याशी लग्न करणारा गादीवर हक्क सांगू शकतो, तिला ओलीस धरणारा किल्ला मागू शकतो. म्हणजे शत्रूला ती बहुधा जिवंत हवी असते. तुमच्या सहा सैनिकांना तसा हुकूम असेल तर ते पूर्ण ताकदीनं वार करू शकत नाहीत, ती मात्र करू शकते. सहा विरुद्ध एक हे गणित तिथेच बदलतं. तिला ते ठाऊक आहे, आणि ती त्याचा निर्दय उपयोग करते. हे लोहाराच्या मुलीला जमणार नाही.

राणी दुर्गावतीची हकीकत या अंगानं वाचण्यासारखी आहे. चंदेल राजकन्या, गोंडवनात सून म्हणून आली. नवरा दलपतशाह गेल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. अबुल फजल हा अकबराचा इतिहासकार, म्हणजे तिच्या शत्रूच्या बाजूचा माणूस. तो लिहितो की बंदूक आणि बाण दोन्हींत तिचा नेम पक्का होता, आणि वाघ आल्याची बातमी कळली की त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे. साहसकथा लिहिणाऱ्याला ही एवढी ओळ सोन्यासारखी आहे. तिच्यात नेम आहे, हट्ट आहे, आणि प्रजेला खाणाऱ्या जनावराबद्दलची जबाबदारीही आहे.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो शेवटच्या लढाईतला प्रसंग. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. पहिल्या झुंजीत तिची सरशी झाली. रात्रीच छापा घालू, सकाळपर्यंत तो घाटात तोफा आणून बसेल, असं तिनं आपल्या सरदारांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. सकाळी तसंच झालं. ती हत्तीवर बसून लढली, मुलगा जखमी झाला तेव्हा त्याला सुरक्षित जागी पाठवलं आणि स्वतः मागे राहिली. बाण लागले, शुद्ध हरपली, परत आली. मग शत्रूच्या हाती जिवंत लागायचं नाही म्हणून तिनं माहुताला आपल्याला मारायला सांगितलं. त्याचा हात धजला नाही, तेव्हा तिनं स्वतःच खंजीर चालवला. यात तलवारबाजीचं वर्णन जवळजवळ नाही. तरी ती योद्धा आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका उरत नाही, कारण लढाईतला सगळ्यात शहाणा निर्णय तिचा होता आणि तो नाकारला गेला. तुमच्या राजकन्येला असा एक निर्णय द्या. तो बरोबर असू द्या. आणि लोकांनी तो मानला नाही तर काय होतं, हेही होऊ द्या.

दुसरं उदाहरण चांदबिबीचं. ही तर आपल्या अहमदनगरची लेक, हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरला दिलेली आणि वैधव्यानंतर माहेरी परतलेली. १५९५च्या अखेरीस अकबराचा मुलगा शहजादा मुराद यानं अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरल्याची खबर आतल्यांना लागली. त्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण बाकीच्यातला एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. त्या काळचा इतिहासकार फरिश्ता सांगतो की चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हाती नागवी तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली. पळू लागलेले लोक मागे फिरले, हल्ला परतवला गेला आणि रातोरात तट बांधून काढला गेला. ती तलवार कितीदा चालली हे कोणी मोजलं नाही. तिचं तिथे उभं राहणं हीच लढाई होती. तिच्याऐवजी एखादा शूर शिपाई खिंडारात उभा राहिला असता तर बाकीचे फिरले असते का? मला नाही वाटत. सुलतानाची मुलगी तिथे उभी होती, म्हणून फिरले.

आणखी जवळचं नाव हवं असेल तर यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ला झाली. गादीवर अकरा वर्षांचा मल्हारराव, आदल्याच दिवशी छावणीत त्याच्या वतीनं कारभार बघणाऱ्या तुळसाबाईचा खून झालेला, समोर इंग्रज सेनापती हिस्लॉपची कंपनी फौज. अशा वेळी बापाची ही लेक घोड्यावर बसून रणात उतरली. नीट बघितलंत तर सगळीकडे हे एकच दिसेल. राजकन्येनं स्वतः शस्त्र उचललं म्हणजे तिच्याभोवतालचं काहीतरी आधीच कोसळलेलं असतं: नवरा गेलेला, वारस अज्ञान, सरदार फुटलेले. काय कोसळलंय ते वाचकाला आधी दिसलं पाहिजे. मग तिनं म्यानातून तलवार काढताना तुम्हाला विशेषणांची गरज पडणार नाही.

लोकप्रिय कथांमध्ये एक जुनी खोड आहे, तिच्यापासून जपा. नायिका उत्तम लढते म्हणून ओळख करून द्यायची, आणि नायक आला की तिला काहीतरी शिकायला लावायचं. एका गाजलेल्या दाक्षिणात्य चित्रपटात राजकन्या तीन बाण एकदम सोडायच्या प्रयत्नात असते आणि ऐन हल्ल्यात नायक तिचा हात सरळ करून देतो. प्रसंग देखणा आहे, दोघं खांद्याला खांदा लावून बाण सोडतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण तिला आधीपासून येत असलेली एखादी गोष्ट त्यालाही शिकावी लागली असती, तर तो प्रसंग दुप्पट वजनदार झाला असता. याउलट १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मधली राजकन्या लेया आठवा. तिला सोडवायला आलेले स्वतःच कोंडीत सापडतात, तेव्हा तीच बंदूक हिसकावून बाजूची जाळी उडवते आणि सगळ्यांना खाली उडी मारायला लावते. पुढे ते कचऱ्यात पडतात, म्हणजे तिचा निर्णय काही सुखाचा ठरत नाही. पण निर्णय तिचा असतो. सुटकेचा प्रसंग तसाच ठेवून त्याची सूत्रं तिच्या हाती देता येतात, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. मला एकदा एका प्रकाशन संस्थेतून सांगण्यात आलं होतं की शेवटी राजपुत्रानं येऊन वाचवलं नाही तर मुलगे पुस्तक घेणार नाहीत. मी शेवट बदलला नाही. पुस्तक दुसरीकडे दिलं. मुलग्यांनीही वाचलं.

आता तुमच्या बोळाकडे येते. पहिली गोष्ट, बोळात दांडपट्टा नको. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक असतं, मनगट खोबळ्यात जखडलेलं असतं, त्यामुळे सगळा वार कोपर आणि खांद्यातून येतो. त्याला मोकळी जागा लागते. अरुंद बोळात पहिल्याच फेऱ्यात पातं भिंतीवर आदळेल आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. पट्टा अंगणासाठी, चौकासाठी राखून ठेवा. तिथे तो अनेकांना लांब ठेवायला फार उपयोगी आहे. या रात्री तिच्या हाती कट्यार किंवा आखूड तलवार द्या.

दुसरी गोष्ट, तिला बोळातून जिन्यावर न्या. जुन्या वाड्यांमधले भिंतीत काढलेले दगडी जिने आठवा: एका वेळी एकच माणूस मावेल एवढे अरुंद, पायऱ्या उंच, वर आडवं लावायचं झाकण. ती वरच्या पायरीवर, ते खाली. सहा जण एकदम तिच्यावर येऊच शकत नाहीत. एकामागून एक येतात, पुढचा पडला की मागच्याच्या वाटेत येतो. आणि हा जिना तिला कसा माहीत? लहानपणी ती इथेच लपाछपी खेळली आहे. कुठली पायरी अर्ध्या वीतभर जास्त उंच आहे आणि अंधारात अनोळखी पाय तिथे हमखास अडखळतो, हे तिच्या पायांना पाठ आहे. त्या महालात जन्मलेल्या मुलीलाच हे शक्य आहे, आणि यात कोणी तिला पुरुष म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फितुरी महालातली आहे, मग ते सहा जण परके कसे? त्यातल्या एकाला तरी ती नावानं ओळखते. त्यानं तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवलेलं असेल. तो जिन्यात समोर आल्यावर ती काय म्हणते? "काका, मागे फिरा" असं म्हणते, की हुकूम सोडते? आणि तो थांबतो की येतो? हे ठरवायला तुम्ही दोन दिवस घेतलेत तरी चालेल. सहाच्या सहा जण मेलेच पाहिजेत असं नाही. दोन पडले, एक फिरला, उरलेल्यांवर तिनं झाकण टाकलं, तरी रात्र तिनंच जिंकली.

शेवटी एक प्रश्न मीच विचारते. तुमच्या वर्णनात तिच्याबरोबर एक दासी आहे, पण तिचं नाव कुठे आलं नाही. राजकन्या एका हातात शस्त्र आणि दुसऱ्या हातानं भिंत धरून पायऱ्या चढत असेल तर दिवा कोणाच्या हातात आहे? तो कधी विझवायचा हे कोण ठरवतं? आधी त्या दासीला नाव द्या, आणि मग ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.